मास्तरांची बारावी चाल

कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की मास्तर आधी एक टाळी वाजवायचे. एकच, कोरडी. मग मान तिरकी करून थांबायचे. घरातल्यांना वाटायचं माशी मारली. मास्तर मात्र त्या टाळीमागं काय उरलंय ते ऐकत असायचे. "खोलीला इचारल्याबिगर बसू न्हाय," म्हणायचे, आणि मग बसायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मडकं घेताना टिचकी मारून बघणारी बाई तर प्रत्येक गल्लीत असते. हे गृहस्थ घरांना टिचकी मारायचे, एवढाच फरक.

मास्तर शाळेतले नव्हेत. येरमाळ्यातल्या एका बँडपार्टीत ते ड्रम वाजवायचे. गळ्यात अडकवायचा नव्हे, गाड्यावर मांडलेला अख्खा संच: पायानं वाजवायचा मोठा ड्रम, मांडीपाशी तो कडक आवाजाचा चपटा ड्रम, आजूबाजूला दोन गोल, आणि दांडीवर लटकणारी पितळेची झांज. तीस वर्षांत निम्म्या तालुक्याची लग्नं त्यांनी वाजवली असतील.

माझी त्यांची पहिली भेट म्हणजे भांडणच. माझ्या लेकीचं लग्न होतं. मी पंचेचाळिशीची, अंगावर नवी इरकल आणि डोक्यात नवी विहीणबाई. व्याह्यांशी चार मोठे शब्द बोलायचे ठरवून ठेवलेले, आणि ड्रमपुढं एकही ऐकू जाईना. मी तडक गाड्यापाशी गेले आणि हात जरा आवरा म्हणून सांगितलं. मास्तरांनी हात न थांबवता उत्तर दिलं, "आक्का, म्या हात आवरला तर नवरदेव घोड्यावर झोपंल."

मला फार राग आला होता. आज वाटतं, बरं झालं व्याह्यांना काही ऐकू गेलं नाही. माझे ते मोठे शब्द मला अजून पाठ आहेत आणि त्यात एकही धड नाही.

पुढं बारा-पंधरा वर्षांनी मास्तर आमच्या दारात आले. चहा झाला. मग त्यांनी आमच्या मागच्या खोलीत जायची परवानगी मागितली, आत जाऊन टाळी वाजवली आणि बाहेर येऊन म्हणाले, "लई बोलती. पन गप करता येईल."

ही खोली धान्यासाठी बांधलेली. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, आणि स्लॅबला दोन लोखंडी कड्या. त्या कड्या माझ्या हुशारीचा नमुना. घर बांधताना मी गवंड्याला ठणकावून सांगितलं होतं की एक पाळणा लेकीचा आणि एक सुनेचा, दोन्ही एका वेळी हलायला पाहिजेत. नातवंडं झाली ती पुण्यात, आणि चाकांच्या पाळण्यात झोपली. कड्या तशाच राहिल्या. मास्तर त्यांच्याकडं असे बघत होते की मला वाटलं आता हे बारसंच करतात.

त्यांचं काम असं होतं. तीस वर्षं वाजवून त्यांचा हात कुठंच राहिला नव्हता. लग्नाच्या व्हिडिओत ड्रम येतो तो नुसती धडधड होऊन, ट्रकमधून पत्र्याची टिपाडं पडल्यासारखा. त्यांना त्यांच्या बारा चाली नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या होत्या. नवरदेव निघतानाची, वेशीपाशी थांबतानाची, मांडवात शिरतानाची, अशा बारा. आणि घाई होती. सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ड्रमजवळ राहून कान झिजलाय, आधी बारीक आवाज जातील, मग बाकीचे. थांबवता येणार नाही.

"एकदा सगळं नीट ऐकायचंय मला," ते म्हणाले. "ऐकू येतंय तवर."

त्यांचं घर पत्र्याचं आणि हायवेला लागून. आमची खोली रिकामी. आमच्या ह्यांनी हो म्हटलं, आणि मी नाही म्हणायचं विसरून गेले.

आठवडाभरात खोलीचं रूप बदललं. मास्तरांनी सोयाबीनच्या भुसकटाची पोती भरून चारी भिंतींना माणसाच्या उंचीपर्यंत रचली आणि त्यांच्यावर माझ्या जुन्या साड्या जोडून पडदा सोडला. भुसकट आवाज गिळतं, म्हणाले. एक जुना कॉम्प्युटर आला, वायरी घुसवायची एक छोटी पेटी आली, आणि बोटाएवढे दोन माइक आले. ते त्यांनी पाळण्याच्या कड्यांना टांगले, ड्रमच्या बरोबर वर.

मी विचारलं, माइक ड्रमच्या तोंडापाशी नको का? आमच्या भजनात तर तोंडात घालतात.

"तोंडाशी लावला तर ड्रम ऐकू येतो. वरनं लावला तर हात ऐकू येतो," मास्तर म्हणाले. हे सगळं ते मोबाइलवर बघून शिकले होते, पण वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

त्या दोन माइकांचं एक पथ्य होतं. मधल्या कडक ड्रमपासून दोघंही अगदी सारख्या अंतरावर पाहिजेत. एक जवळ आणि एक लांब झाला की एकच ठोका दोनदा पोचतो आणि ड्रम पोकळ वाजतो. त्यासाठी त्यांना न ताणणारी दोरी हवी होती. सुतळी ताणायची, नायलॉन ताणायचं. शेवटी मी ट्रंकेतली परकराची कोरी नाडी काढून दिली. ती मात्र ताणली नाही. मास्तर ड्रमच्या मध्यावर नाडीचं एक टोक अंगठ्यानं दाबायचे, दुसरं टोक डावीकडच्या माइकला, मग उजवीकडच्याला. रोज. वाजवायच्या आधी एकदा आणि उठताना एकदा. काम झालं की नाडी गुंडाळून शर्टाच्या खिशात. "मास्तर, गावात चालताना खिसा झाकून घ्या," मी सांगायचे. ते गंभीरपणानं खिशावर हात ठेवायचे.

दुपारी गाव जेवून लवंडलं की ते वाजवायचे. त्या वेळी घरात मी चोरासारखी वावरायचे, कारण वरचे माइक सगळंच ऐकतात. तरी तिसऱ्या चालीत माझ्या कुकरची शिट्टी आहे. मी ओशाळून पुन्हा वाजवा म्हणाले, तर म्हणाले, राहू द्या, शिट्टी तालात पडलीय.

अशा अकरा चाली झाल्या. प्रत्येक झाली की ते कानाला हेडफोन लावून ऐकायचे, आणि प्रत्येक वेळी आवाजाचं बटण आधीपेक्षा थोडं जास्त फिरवायचे. मी ते बघत होते.

बारावी चाल पाठवणीची. नवरी निघाली की पार्टीतली बाकीची मंडळी वाद्यं आवरायला लागायची, बेंजोवाला वायर गुंडाळायचा, आणि मास्तर एकटे वाजवायचे. त्यात ठोके असे नव्हतेच. झांजेवर एक हलका आघात, मग तिचा आवाज पार विरून जाईपर्यंत थांबायचं, मग मोठ्या ड्रमचा एकच ठोका, मग परत झांज. गाडी वळणाआड जाईपर्यंत एवढंच. माझ्या लेकीच्या पाठवणीलाही त्यांनी हेच वाजवलं असणार. मला आठवत नाही. मी आहेराची भांडी आत नेत होते.

या चालीत अडचण अशी की झांज कधी विरली हे त्यांना नीट कळेना. बारीक आवाज तेवढ्यात तुटायचा. मग त्यांनी मला कामाला लावलं. मी समोर पाटावर बसायचं, कानाला हेडफोन, उजवा हात वर. झांज वाजत असेपर्यंत हात वर ठेवायचा, आवाज संपला की खाली. माझा हात पडला की ते ड्रमचा ठोका देणार.

साठीची बाई, डोक्यावरच्या पदरावर हेडफोन, आणि शाळेत उत्तर येत असल्यासारखा हात वर. आमचे हे दारातून बघून गेले आणि दोन दिवस जेवताना हात वर करूनच भाकरी मागत होते. मी मात्र फुशारून गेले होते. भजनात मी कायम अर्धा सूर खाली गाते हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि इथं एका वाजवणाऱ्याचा कान म्हणून मला बसवलं होतं. सरावात माझा हात दर वेळी मनातल्या आठ आकड्यांना खाली यायचा. मास्तरही मनात मोजायचे. "आठ. खोली बी तेच म्हणती," म्हणायचे.

सराव झाला आणि रेकॉर्डिंग राहिलं. देवीच्या मिरवणुकांची कामं आली होती. दसरा झाला की येतो म्हणून मास्तर गेले.

आता माझ्या शहाणपणाकडं या.

घट बसायच्या आत घरातलं सुताचं सूत धुऊन निघालं पाहिजे, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. गोधड्या, चादरी, दारावरचं तोरण, सगळं. मी मागच्या खोलीतला साड्यांचा पडदाही काढला. काढला तर पोत्यांत उंदरांनी संसार मांडलेला. मग थांबते कशाला? सगळी पोती उपसली, भुसकट म्हशींपुढं टाकलं, भिंतींना चुना दिला, पडदा धुऊन होता तसा लावला. नवं सोयाबीन पंधरा दिवसांत खळ्यावर यायचं होतं. ताजं, कोरडं भुसकट भरून दसऱ्याच्या आत पोती परत रचायची, मास्तरांना पत्ताही लागणार नाही, असा हिशेब. मी स्वतःवर खूश होते. बाहेरून बघितलं तर खोली पहिल्यासारखीच, उलट स्वच्छ.

पाचव्या माळेला मास्तर दारात उभे. मिरवणुकीत वाजवताना पार्टी पुढं गेली आणि हे मागच्याच चालीत राहिले, असं दोनदा झालं होतं. पार्टीतल्यांनी त्यांना घरी पाठवलं होतं. ते हे असं सांगत होते की जणू दुसऱ्या कुणाचं चाललंय.

"आज घेऊ शेवटची. उद्याचा भरवसा न्हाय," म्हणाले.

मला सांगायला हवं होतं. मी तोंड उघडणार तोच ते आत गेले आणि त्यांनी टाळी वाजवली.

खोली कडाडली. रिकाम्या टाकीत दगड टाकल्यासारखा आवाज भिंती-भिंतींवर फिरला. साड्यांच्या मागं काही नव्हतं. मी दारात, माझ्या हातातला तांब्याही त्या आवाजानं शहारला असेल.

मास्तर मान तिरकी करून उभे होते. बराच वेळ. मग समाधानानं म्हणाले, "तशीच हाय. बरं ठेवलंय तुमी."

त्या वेळी मला काय वाटलं, असं मला माझ्या लेकीनं नंतर विचारलं. काहीच वाटलं नाही. पायातली चप्पल काढून ठेवल्यासारखं कुठलं तरी वाटणंच काढून ठेवलं गेलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं. आणि ऐकू आलं नाही हे त्यांना माहीत नव्हतं. मी पोत्यांचं सांगितलं असतं तर हे दुसरंही सांगितल्यासारखंच होतं.

त्यांनी नाडी काढली. डावीकडं मोजलं, उजवीकडं मोजलं. मी पाटावर बसले, हेडफोन घातला, हात वर केला.

त्यांनी झांजेला स्पर्श केला, आणि आवाज संपेचना. भिंत तो सोडेना. आठ झाले, दहा झाले असते, बाराही झाले असते. पण आठाच्या पुढं हात वर राहिला असता तर मास्तरांना लगेच कळलं असतं. मोजायला ते चुकत नव्हते. मी आठाला हात खाली घेतला. त्यांनी ड्रमचा ठोका दिला, तो झांजेच्या अंगावर पडला. पुढची झांज त्या ठोक्याच्या अंगावर. माझ्या कानात सगळं एकात एक मिसळत होतं, चार बायका एकदम बोलाव्यात तसं, आणि माझा हात मात्र शहाण्या विद्यार्थ्यासारखा झांजेला वर, आठाला खाली. मास्तरांची नजर माझ्या हातावर होती. पूर्ण विश्वासानं.

चाल संपली. त्यांनी ती हेडफोन लावून ऐकली. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. मोठ्या ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला मान हलत होती, मधल्या जागेत ते थांबून राहत होते.

"झांज आली न्हवं, आक्का? सुटी सुटी?"

मी म्हणाले, "आली."

"मग आता गेला कान तरी चालंल," मास्तर म्हणाले आणि वायरी गुंडाळायला लागले.

मी स्वयंपाकघरात आले. माळेची फुलं ओवायची होती, ती ओवली. संध्याकाळची भाकरी थापली. एकही करपली नाही.

मास्तरांनी सगळ्या चाली एका पेनड्राइव्हवर घालून मलाही दिल्या. एकदा ऐकल्या. अकरा जशा पाहिजेत तशा आहेत, कुकरसकट. बारावीला मी मध्येच उठले. पार्टीतल्या बाकीच्यांनीही ऐकल्या आणि छान म्हणाले. छान म्हणायच्या आधी त्यांनी एकमेकांकडं बघितलं असेल का, हे मला माहीत नाही. मी नव्हते तिथं.

खळ्यावर नवं सोयाबीन आलं. भुसकट मी म्हशींनाच घातलं.

पुढल्या वर्षाच्या आत मास्तरांचा कान पूर्ण गेला. त्यांची लेक धाराशिवला राहते, ती त्यांना घेऊन गेली. तिथंच ते वारले, त्याला आता तीन वर्षं होतील. जायच्या आधी दोन-अडीच महिने मी त्यांना भेटून आले होते. बसमध्ये सगळं ठरवत गेले, कुठून सुरू करायचं, काय म्हणायचं. व्याह्यांपुढं बोलायचे शब्द ठरवले होते तसंच. एवढ्या वर्षांत तेवढी एक खोड सुटली नाही.

मास्तर पलंगावर बसले होते, दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. मला बघून फार खूश झाले. ऐकू येत नसल्यानं मोठ्यानं बोलायचे, गाड्यावरून बोलत असल्यासारखे. त्यांच्याशी बोलायचं ते लेक एका वहीत लिहून दाखवायची. ती चहा करायला आत गेली. वही पलंगावर होती, पेनही होतं. मी पेन उचललं नाही. मी तोंडानं सांगायला लागले.

सगळं सांगितलं. उंदीर, भुसकट, चुना. टाळी कशी कडाडली ते. आठ आकड्यांचं. बारावी चाल मी बिघडवली, आणि आली म्हणाले ते खोटं. मास्तर माझ्या तोंडाकडं बघत होते आणि मी थांबले की मान हलवत होते. "व्हय, व्हय," म्हणत होते. चांगली दहा मिनिटं मी बोलले असेन.

बोलून झालं तेव्हा पाहिलं, लेक दारात कप घेऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"काय म्हनत्यात गं आक्का?" मास्तरांनी तिला विचारलं.

तिनं कप खाली ठेवले, वही घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडं बघितलं. "मावशी, लिहू का?" एवढंच विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मास्तर पेनाकडं बघत होते, काहीतरी चांगलं वाचायला मिळणार असल्यासारखे.

मी मान हलवून नको म्हटलं.

मग तिनं एक ओळ लिहून वही त्यांच्यापुढं धरली. मीही वाकून वाचली. लिहिलं होतं, चहा गोड झालाय म्हणतात.

मास्तरांनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, आक्कांना शुगर हाय. दुसरा टाक की, बिनसाखरेचा."

कपाला मी अजून तोंडही लावलं नव्हतं. लेक कप उचलून आत गेली. आतून भांड्यात पाणी पडल्याचा, मग गॅस पेटल्याचा आवाज आला. तो चहा होऊन येईपर्यंत मी आणि मास्तर एकमेकांकडं बघून हसत बसलो होतो.